वजनाच्या हौदात वेन्देल

माझे मोठे दीर वेन्देल अजून जिवंत आहेत, आणि मला विचाराल तर त्याची काही फारशी गरज नव्हती. तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करते, कारण माझ्या आईने मला तसं वाढवलं. पाठीमागे मात्र तो नुसता वेन्देल. इथे तो समोर नाही, तेव्हा तो म्हणूनच लिहिते.

वेन्देल जीनगर. बाप जीनगर, आजा जीनगर. आमच्या सपाट मुलखात पूर्वी घोड्याशिवाय पान हलत नव्हतं, त्यामुळे लगाम, खोगीर, गळपट्टे शिवणाऱ्याला पाद्र्याच्या खालोखाल मान. या घराण्यात नाकावर माशी बसू द्यायची पद्धतच नाही, त्यात वेन्देलची गोष्ट न्यारी. तरुणपणी एका शिंगराने लाथ घालून त्याचा डावा खांदा मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं आणि तो हात पुन्हा कधी छातीच्या वर गेला नाही. तेव्हापासून त्याचं सगळं उजव्या हातावर. आरी उजव्या हातात, दारूचा पेला उजव्या हातात, आणि धाकट्या भावाला एक ठेवून द्यायची तर तीही उजव्यानेच. तो धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा, आम्ब्रुश.

सहकारी शेती आली त्या हिवाळ्यात सरकारची माणसं दारोदार हिंडत होती. सही करा, जमीन द्या, जनावरं द्या. आम्ब्रुश त्या माणसांत होता, ते मी लपवणार नाही. त्याचं म्हणणं असं की सही सगळ्यांना करावीच लागणार आहे. परक्याने दम देऊन घेण्यापेक्षा भावाने समजावून घेतलेली बरी. वेन्देलकडे पाकोळी नावाची काळीभोर घोडी होती. तिच्यासाठी त्याने लाल लोकरीचे गोंडे लावलेला गळपट्टा शिवला होता, तसा त्याने बायकोसाठी कधी रुमालसुद्धा शिवला नसेल. अखेर त्याने सही केली. मग घोडी बाहेर कुणी काढायची यावर अंगणात सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. तेव्हा आम्ब्रुशनेच दावं सोडलं आणि तिला चालवत नेलं. ओळखीच्या हाताने गेली तर बुजणार नाही, एवढाच त्याचा विचार. पुढे ट्रॅक्टर आले आणि गावातले घोडे मालगाडीत भरून कत्तलखान्याकडे गेले. त्यात पाकोळीही गेली.

वेन्देल त्यानंतर भावाशी एक शब्द बोलला नाही. आमची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. बाकी कुणी भेटलं की वेन्देल टोपीला हात लावायचा. आम्ब्रुश दिसला की तीच टोपी भुवयांपर्यंत खाली ओढायचा. मी हिवाळ्यात डुक्कर कापलं की नवऱ्याला न सांगता त्यांच्याकडे वानवळा पाठवायची, रक्ताचं सॉसेज, थोडा भाजलेला तुकडा, आंबट कोबीचं कालवण. ताटली धुऊन परत यायची, निरोप मात्र कधी आला नाही. त्याची बायको वारली तेव्हाही त्याने आमच्या दारावर दुसऱ्याकरवी सांगावा धाडला.

घोडे गेल्यावर जीनगर काय करणार? तर नशिबाने गावाबाहेर तेल शोधायला खणलं आणि तेलाऐवजी चहाच्या रंगाचं, वाफाळणारं, रॉकेलसारख्या वासाचं पाणी वर आलं. त्यावर सरकारने स्नानगृह बांधलं. तिथे एक डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी वजनाचा हौद करून घेतला. शहरातल्या दवाखान्यात जे ट्रॅक्शन देतात तेच हे, फक्त पाण्यात. माणसाला गळ्याइतक्या ऊन पाण्यात उभं करायचं, हनुवटीखालून आणि मानेमागून कातडी पट्टा घालून वरच्या लोखंडी चौकटीला अडकवायचं आणि पायाखालची पायरी काढून घ्यायची. कमरेला शिशाची वजनं. पाणी माणसाला हलकं करतं, शिसं खाली ओढतं, आणि मणक्यांत चिमटलेली शीर हळूहळू मोकळी होते. आम्ब्रुश पंपांवर लागला आणि मी हौदावर. माणसं टांगणं हा माझा धंदा झाला.

कारखान्यातून आलेले पट्टे लोकांच्या हनुवट्या सोलायचे. डॉक्टरीणबाई स्वतः वेन्देलकडे गेल्या. घोड्यांचे गळे संपले म्हणून आता माणसांचे आणलेत का, असं त्याने त्यांना विचारलं म्हणे. पण पट्टे शिवले, आणि खोटं कशाला बोलू, उत्तम शिवले. आतून मऊ हरणाचं कातडं, टाका एकही वर आलेला नाही. ते द्यायला यायचा तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, काचेवर टकटक करायचा आणि चालता व्हायचा. आत पाऊल टाकलं नाही, कारण आत आम्ब्रुश होता.

या पट्ट्याची एक गंमत आहे. तो चढला की जबडा मिटतो. टांगलेल्या माणसाला हूं की चूं करता येत नाही. म्हणून प्रत्येकाला मी आधी बजावते, त्रास झाला तर हात वर करा. मग सगळे ओळीने भिंतीकडे बघत गप्प लोंबकळत असतात. नवरे असे गप्प बघायला मिळतात म्हणून त्यांच्या बायका मुद्दाम दारातून डोकावून जातात.

आम्ब्रुश पंपाजवळच कोसळला आणि गेला. दफनाच्या दिवशी जमीन गोठून दगड झाली होती. वेन्देल आला. त्याला फाटकातून येताना बघून मला बरं वाटलं, देवाशपथ बरं वाटलं. मेल्यावर तरी वैर संपतं म्हणतात ना. खड्ड्याभोवती सगळे पुरुष मयताचा मान म्हणून टोप्या काढून बोडक्याने उभे, कान लालभडक झालेले. आणि माझा दीर खड्ड्याच्या पलीकडे, बरोबर माझ्यासमोर, टोपी डोक्यावर ठेवून उभा. पाद्री प्रार्थना म्हणता म्हणता थांबले आणि त्याच्याकडे बघत राहिले. लोक बघत राहिले. वेन्देल जमिनीकडे बघत राहिला. सख्ख्या भावावर माती पडेपर्यंत त्याने टोपी काढली नाही, आणि पडल्यावरही नाही.

माझ्या नवऱ्याचा शेवटचा दिवस त्या टोपीने खाल्ला. आजही आम्ब्रुशच्या मयताचा विषय निघाला की लोकांना पाद्र्याचे शब्द आठवत नाहीत, टोपी आठवते. मी त्या हिवाळ्यापासून वानवळा बंद केला. रस्त्यात तो दिसला की मी थुंकत नसे, पण तोंडात थुंकी जमवून ठेवत असे.

मग काही वर्षांनी त्याच्या उजव्या हाताला दुखणं लागलं. बातमी आणली पोस्टातल्या रेझोने. रेझो कंबर धरून माझ्या हौदात यायचा आणि टांगला जाईपर्यंत तोंडाचा पट्टा सोडायचा. वेन्देलच्या हातातून आरी गळून पडते, तो म्हणाला. परवा ती बोटात घुसली आणि त्याला कळलंही नाही, रक्त चामड्यावर आलं तेव्हा समजलं. डॉक्टरीणबाईंनी मान तपासून सरळ सांगितलं होतं की गोळ्यांनी भागणार नाही. वजनाच्या हौदात उतरा, नाहीतर उजवा हातही डाव्याच्या वाटेने जाईल. जीनगराचा एकुलता एक चालता हात. तो गेला तर शिवणं राहू द्या, पँटची बटणं लावायलाही शेजारीण लागली असती.

यावर वेन्देलचं उत्तर रेझोने मोठ्या आवडीने मला ऐकवलं: त्या बाईच्या हातात मान देण्यापेक्षा मी झाडाला टांगून घेईन. मीही रेझोबरोबरच उलट टपाल धाडलं, की झाडाला टांगून घेताना पट्टा स्वतःच्या हातचा वापरा, तुटणार नाही.

असं बरेच दिवस चाललं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मग एकदा मी त्याला बेकरीत पाहिलं. पाव काखेत धरून तो सुटी नाणी मोजत होता आणि ती बोटांतून एकेक खाली पडत होती. बेकरीवाल्या बाईने वाकून ती उचलली. त्या वेळचं त्याचं तोंड पाहून मला आनंद झाला. झाला तो झाला.

पुढच्याच आठवड्यात तो हौदावर आला. अंगावर स्नानगृहाचा झगा, हातात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, आणि डोक्यावर टोपी. झग्यावर टोपी. चिठ्ठीत लिहिलं होतं की उजव्या हाताची ताकद कमी, गेल्या हिवाळ्यापासून. हौदात रेझो आणि बाकीचे आधीच टांगलेले होते. मान वळवता येत नव्हती, म्हणून त्यांचे डोळे तेवढे कोपऱ्यात आले.

"टोपी काढा," मी म्हटलं.

तो उभाच. मी पुन्हा म्हटलं. तो माझ्या डोक्यावरून पलीकडच्या घड्याळाकडे बघत राहिला. मला खड्डा दिसला, लाल कान दिसले. मी पुढे झाले आणि त्याच्या डोक्यावरची टोपी एका फटक्यात बाकावर उडवली. टोपीची कड एका बाजूने पार झिजून गेली होती. इतका चिक्कू, की नवी टोपीही घेत नाही, असं मनात आलं. तो पायऱ्या उतरून पाण्यात गेला. मी पट्टा चढवला, त्याच्याच हातचा, आणि पायरी काढून घेतली.

माझ्याजवळ शिशाची वजनं ओळीने ठेवलेली असतात. एक जास्तीचं उचलून मी हातात धरलं. कुणाला कळलं नसतं. पण माझ्या पाण्यात आजवर कुणाची मान दुखावलेली नाही, आणि वेन्देलसाठी मी माझं नाव खराब करणार नव्हते. वजन खाली ठेवलं. मारायला माझ्याजवळ दुसरं काहीतरी होतं. त्याचा जबडा मिटलेला होता, आणि माझा उघडा.

"ऐका, भाऊजी," मी म्हटलं. "आज तुम्हाला उत्तर देता येणार नाही. म्हणून आज मी बोलणार."

आणि बोलले. रोज बोलले. टांगलेल्यांची ओळ कानांत प्राण आणून ऐकायची. ज्यांचे उपचार संपले होते तेही दुखतंय म्हणून परत यायला लागले. मी सांगितलं, तुमची एक घोडी गेली, माझ्या नवऱ्याची झोप गेली. घोडे मालगाडीत चढवले त्या दिवशी आम्ब्रुश सायकलवरून स्टेशनात गेला होता आणि कुठल्या डब्यात पाकोळी आहे ते शोधत फिरला होता. नंतर घोड्याच्या मांसाचं सॉसेज त्याने कधी घरात येऊ दिलं नाही. दर नाताळला म्हणायचा, जाऊ का पलीकडे? आणि मीच म्हणायची, जा की. मग तुमच्या खिडकीचा पडदा हलायचा आणि हा परत बसायचा. एवढं करून तुम्ही त्याच्यासाठी टोपीही काढली नाहीत, मी म्हणाले. कुत्र्याच्या पिलाला पुरतानासुद्धा माणूस काढतो.

वेन्देल भिंतीकडे बघत लोंबकळत राहायचा. नंतर बाकावर चादरीत गुंडाळून पडून राहायचं असतं, तिथेही बोलायला मनाई. उपचार संपले की तो उठून जायचा. मला वाटायचं, एकदा तरी उलटून बोलेल. नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बोडक्याने आला, बाहेर वारं कापत असताना. तेव्हापासून रोज बोडक्यानेच. टोपी उडवायचं सुखही मला द्यायचं नव्हतं.

एके दिवशी मी अशीच बोलत होते, पाठ त्याच्याकडे, टॉवेलांच्या घड्या घालत. ओळीतल्या रेझोने हात वर केला. मी त्याला विचारलं, काय होतंय? तो बोट दाखवून वेन्देलकडे खुणावत होता. वळून पाहिलं तर वेन्देलचं तोंड मेणासारखं पिवळं, डोळे अर्धे मिटलेले. मी तशीच कपड्यांनिशी पाण्यात उतरले, पायरी सरकवली, पट्टा सोडला आणि काखेत हात घालून त्याला उभं केलं. हात का वर केला नाहीत, म्हणून ओरडले. मरायचं असेल तर घरी मरा, मी म्हटलं, माझ्या हौदात नाही. त्याने उजवा हात पाण्यातून काढला. तो छातीपर्यंत आला, थरथरला आणि परत पाण्यात पडला.

चिठ्ठीत लिहिलेलं होतं, तरी मी त्याला रोज बजावत होते, हात वर करा. त्या दिवसानंतर त्याला हौदाच्या कडेच्या लोखंडी दांडीवर बोटातल्या अंगठीने टकटक करायला सांगितलं, खिडकीवर करायचा तशी. आणि माझं बोलणं कमी झालं. दया आली म्हणून नाही. सांगायचं सांगून झालं होतं, आणि भिंतीला तरी किती वेळ सांगणार.

हात सुधारला. आधी बोटांना कळायला लागलं, मग मुठीत जोर आला. उन्हाळ्यात त्याच्या खिडकीतून पुन्हा ठोकण्याचा आवाज यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. वेन्देलने आभार मानले नाहीत, आणि मी वाट पाहिली असंही नाही. हौदावर नवे पट्टे आले, खिडकीच्या कट्ट्यावर, टकटक करून.

मग नोव्हेंबर लागला आणि मृतांचा दिवस आला. त्या दिवशी सगळं गाव शेवंतीची फुलं आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत असतं. मी आम्ब्रुशच्या दगडावरची पानं झाडत होते. दुपार कलली होती. मागे पावलं वाजली आणि वेन्देल येऊन कबरीच्या त्याच बाजूला उभा राहिला, जिथे तेव्हा उभा होता. टोपी डोक्यावर.

मी झाडू हातात घेऊन सरळ झाले. जे तोंडात आलं होतं ते बाहेर पडायच्या आत तोच बोलला.

"हात आता वर जातो."

"दिसतंय," मी म्हटलं. "त्याचाच पगार घेते मी."

"त्या दिवशी जात नव्हता."

कुठल्या दिवशी, असं मी विचारलं, पण विचारता विचारताच मला समजलं होतं. त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. दफनाच्या आधीच्या पावसाळी दिवसांतच उजव्या हाताचा खांद्यातला जोर गेला होता. बोटं चालत होती, शिवणकाम सगळं मांडीवर, त्यामुळे कुणाला कळलं नाही आणि त्याने कळू दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनाही तारीख खोटीच सांगितली. घरात टोपी खुंटीवर असायची, तिच्याखाली डोकं घालून तो ती चढवायचा.

"काढताना दाराच्या चौकटीला घासून पाडायचो," तो म्हणाला. "इथे चौकट कुठून आणू?"

मला ती झिजलेली कड आठवली. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, पूर्वीपेक्षा जास्त. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीसाठी या माणसाचा द्वेष केला ती गोष्टच त्याने माझ्या हातातून काढून घेतली, आणि तीही एवढ्या उशिरा. मी त्याला म्हटलं, शेजारच्या माणसाला सांगायचं होतं, काढ म्हणून. तर मला म्हणतो, भावाच्या मयतात टोपी दुसऱ्याच्या हाताने काढू? मी म्हटलं, मग मी उडवली ती कोणाच्या हाताने होती?

मेणबत्ती वाऱ्याने विझली. मी वाकून ती पुन्हा पेटवली, आणि वर न बघता विचारलं:

"आणि हात वर गेला असता, तर काढली असती?"

मला वाटलं, आता हो म्हणेल. असल्या जागी कोणीही हो म्हणेल.

"माहीत नाही, गिझेला," तो म्हणाला. पाकोळी गेल्यापासून त्याने माझं नाव घेतलं नव्हतं. "हात गेला नाही, म्हणून ठरवावं लागलं नाही. आता लागतंय."

त्याने उजवा हात उचलला. छातीपर्यंत सहज आला. खांद्यापाशी जरा थांबला, कानापाशी थरथरला. मी पुढे झाले नाही. मग बोटांनी कड पकडली आणि टोपी खाली आली. आजूबाजूला लोक होते, रेझोही होता, त्याने पाहिलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाने पाहिलं. वेन्देल बोडक्याने उभा राहिला. प्रार्थना म्हणाला की भावाला घोडीची माफी मागायला लावत होता, मला ठाऊक नाही. त्याचं तोंड मिटलेलंच होतं.

मग त्याने टोपी परत चढवली आणि माझ्याकडे न बघता फाटकाकडे निघाला. ती वाकडी बसली होती. मी काही ती सरळ करायला गेले नाही. हात आहे, करेल स्वतः.